वॉशरखालचा शेंदूर

इंदूरच्या मल्हारगंजात, वळणावर गोपीनाथराव मोहित्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत एक लाकडी टेबल, भिंतीवर टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या, आणि बाहेर जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा. पण तेवढ्या जागेसाठी लोक सांवेरहून गाड्या घेऊन येतात आणि मुकाट्याने वाट बघतात. गाडी आली म्हणून गोपीनाथराव लगेच खुर्चीतून उठत नाहीत. इंजिन चालू करायला सांगतात, डोळे मिटून ऐकतात. मग दिवे लावायला सांगतात, मग पंखा. मग उठून मीटर लावतात आणि एका वाक्यात निकाल देतात. तो निकाल फिरलेला कुणी पाहिला नाही, असं मल्हारगंजात म्हणतात. गोपीनाथरावही तसंच म्हणतात.

ही निकाल देण्याची खोड दुकानापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण ती त्यांच्याबरोबर रामबागेतल्या घरीही जायची. पुतणीला सांगून आलेलं स्थळ असो, शेजाऱ्याच्या भाडेकरूचं भांडण असो, नाहीतर शांताबाईंच्या पोह्यातलं मीठ असो, गोपीनाथराव डोळे मिटून ऐकायचे आणि एक वाक्य टाकायचे. घरातल्यांनाही ते सोयीचं होतं. कुणीतरी ठरवून टाकलं की बाकीच्यांच्या डोक्याला ताप राहत नाही.

त्यांचे आजोबा होळकरांच्या शिलेखान्यात तलवारी-बंदुकांची निगा राखायच्या कामावर होते. खंडेनवमीला ते तेलात शेंदूर कालवून प्रत्येक हत्याराला एक बोट लावायचे. संस्थान गेलं, हत्यारं गेली. वडील मोटारी दुरुस्त करू लागले आणि ते बोट पान्या-पकडींना लागू लागलं. गोपीनाथरावांनी त्यात आपली भर घातली. गाडीतली वीज जाते वायरीतून, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातूनच, आणि त्या परतीच्या वाटेला मिस्त्री अर्थिंग म्हणतात. इंजिनाचं लोखंड आणि बॉडीचं लोखंड जोडणारी एक पट्टी असते, ती एका बोल्टने आवळलेली असते. त्या बोल्टच्या डोक्यावर खंडेनवमीला गोपीनाथरावांच्या हातचा शेंदूर लागला की गाडी वर्षभर दगा देत नाही, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. त्या दिवशी दुकानापुढे रांग लागायची.

एका गाडीला मात्र ते नुसतं वरून बोट लावत नसत. ती धाकट्या भावाची, अरविंदची गाडी. आजोबा स्वतःच्या खास बंदुकीच्या आतल्या बाजूनेही शेंदूर-तेल फिरवायचे, गंज चढू नये म्हणून. तसं गोपीनाथराव अरविंदच्या गाडीचा तो बोल्ट ढिला करायचे, त्याच्याखालची चकती, वॉशर, उचलायचे, खाली बोटभर शेंदूर फिरवायचे आणि पुन्हा घट्ट आवळायचे. वरचा शेंदूर धुतला जातो, आतला राहतो. भाऊ घाटातून प्रवासी घेऊन जातो, त्याचं रक्षण आतूनच झालं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. माया दाखवायची त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती.

अरविंद टॅक्सी चालवायचा. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, असे त्याचे फेरे. मितभाषी, गाडीत स्वतःच्या हाताने झाडू मारणारा, दादाच्या समोर खुर्चीवर न बसणारा. काही वर्षांनी त्याच्या गाडीला एक विचित्र दुखणं लागलं. रस्त्यात मध्येच दिवे मंदावायचे, पंखा रडायचा, आणि जरा पुढे गेलं की सगळं पहिल्यासारखं लख्ख. कधी गाडी बंद पडायची ती चालू व्हायची नाही. मानपूरच्या पुढे घाटात एकदा दिवे असे गेले की गाडीतल्या बायका रडायला लागल्या. ज्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे त्याची गाडी लागलेली होती, त्याने फोन करणं हळूहळू बंद केलं.

गोपीनाथरावांनी गाडी तपासली नाही असं नाही. पट्टा बघितला, बॅटरीची टोकं साफ केली, अर्थिंगची पट्टी हाताने हलवून बघितली, ती घट्ट होती. मग मीटर लावलं. मीटरची काळी चिमटी इंजिनाच्या लोखंडाला लावायची ही त्यांची वडिलांपासूनची सवय. लाल तार वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला लावली, आकडा चौदा व्होल्टवर गेला आणि तिथेच थांबला. दिवे लावले, पंखा लावला, तरी हलला नाही. दोन-तीनदा गाडी आली, दोन-तीनदा हेच झालं. मग त्या वर्षीच्या खंडेनवमीला, सगळं गोत जेवायला बसलेलं असताना, कुणीतरी अरविंदच्या गाडीचा विषय काढला आणि गोपीनाथरावांनी पानावरून मान वर केली.

"गाडी एकदम बराबर आहे," ते म्हणाले. "चलवणाऱ्यात गडबड आहे."

मग ते वाक्य त्यांनी खुलासेवार सांगितलं. हा दिवे चालू ठेवून झोपत असणार, गाणी लावून ठेवत असणार, बॅटरी अशीच बसत नाही, गाडीला जीव लावावा लागतो. मंडळी हसली. अरविंदने पानातलं संपवलं, ताट उचललं, आणि अंगणात जाऊन उभा राहिला. जेवणं झाल्यावर गोपीनाथरावांनी नेहमीसारखा त्याच्या गाडीचा बोल्ट ढिला करून वॉशरखाली शेंदूर फिरवला. राग वेगळा आणि रीत वेगळी, असं त्यांचं मत होतं.

निकाल घरात बसला. 'अरविंदच्या भरवशावर सोडू नका रे' हे घरातलं नेहमीचं वाक्य झालं. लग्नात आहेर आणायला त्याला पाठवेनासे झाले, म्हाताऱ्या आत्याला दवाखान्यात न्यायला दुसऱ्या कुणाची गाडी बोलवू लागले. त्याने शेवटी गाडी विकली, बायकोला, सुनीताला घेऊन तिच्या माहेरी मानपूरला गेला आणि तिथे एका पेट्रोल पंपावर रखवालदारीला लागला. भावाभावांचं भांडण झालं नाही, नुसतं बोलणं बंद झालं. तो एका उन्हाळ्यात पंपावरच छातीत कळ येऊन गेला. गोपीनाथराव अग्नीला पोचले, दिवसांना पोचले, पाहुण्यासारखे पाटावर बसून जेवले. सुनीताने वाढलं, पण ती बोलली नाही.

या गोष्टीनंतर गोपीनाथरावांना एकाच विचाराने धीर दिला होता. आपण कठोर बोललो असू, पण खोटं बोललो नाही. गाडी बराबर होती.

आणि मग यंदाच्या पावसाळ्याच्या शेवटी ती गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली.

ती घेऊन आली होती श्रेया नावाची साताऱ्याकडची मुलगी, इंदूरला एका कंपनीत नोकरीला आलेली. जुन्या गाड्यांच्या बाजारातून तिने ही गाडी घेतली होती. मराठी मिस्त्री आहेत असं कळलं म्हणून आले, ती म्हणाली, आणि दुखणं सांगू लागली. दिवे मध्येच मंद होतात, फोन चार्ज होता होता थांबतो, कधी कधी गाडी चालूच होत नाही. आधीच्या दोन मालकांनीही बरंच काही बदललं होतं म्हणे.

गोपीनाथरावांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. स्टिअरिंगच्या खाली पंख्यासाठी वेगळा लावलेला पितळी बटणाचा एक स्विच होता. तो त्यांनीच अरविंदला बसवून दिला होता. रंग नवा होता, सीटची कव्हरं नवी होती, पण स्विच तोच होता, आणि पाटीवरचा नंबर तर त्यांना पाठच होता. त्यांनी श्रेयाला बसायला स्टूल दिलं आणि काही वेळ बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

आता सगळं त्या बॉनेटखाली होतं. दुखणं नंतरच्या मालकांनी लावलेलं निघालं, तर गोपीनाथरावांचा निकाल खरा. दुखणं जुनंच निघालं, तर अरविंद खरा, आणि हे ज्याला सांगायचं तो आता नाही. त्यांनी खंडोबाचं नाव घेतलं. कुणीतरी काहीतरी घोळ घालून ठेवलेला असू दे, असं मनातल्या मनात म्हटलं. उभ्या आयुष्यात गाडीत दुसऱ्याची चूक सापडावी म्हणून त्यांनी देवाला कधी गळ घातली नव्हती.

बॉनेट उघडलं. बॅटरी नवी होती. अल्टरनेटर नवा होता. पट्टा नवा होता. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता, कारण शोधायला कमी उरलं होतं. गोपीनाथराव मात्र एकेक नवा भाग पुन्हा हाताने चाचपत राहिले. जे जे बिघडू शकतं ते सगळं बदललं आहे, आणि दुखणं अक्षरशः अरविंदने सांगितलेलं तेच आहे. म्हणजे ते अशा कशात तरी आहे जे कुणी बदललेलं नाही.

त्यांनी सवयीने काळी चिमटी इंजिनाला लावली, लाल तार अल्टरनेटरला. चौदा. दिवे, पंखा, सगळं लावलं. चौदा. तोच आकडा, तसाच गप्प उभा. त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि तोंडात ते जुनं वाक्यही आलं. तेवढ्यात श्रेयाने गाडीतून आवाज दिला.

"काका, माझ्याकडे तर बारा दाखवतंय. आता तेरा. परत बारा."

तिने चार्जिंगच्या भोकात एक छोटं यंत्र खोचून ठेवलं होतं, व्होल्टेजचा आकडा दाखवणारं. बाजारातलं स्वस्तातलं यंत्र, गोपीनाथराव अशा यंत्रांना एरवी हसायचे. ते वाकून बघायला गेले. आकडा खरंच नाचत होता, आणि त्याच्याबरोबर समोरच्या भिंतीवरचा दिव्यांचा उजेड कमीजास्त होत होता. एकाच गाडीत, एकाच वेळी, बाहेर चौदा आणि आत बारा. दोन्ही खरे असतील तर दोष लपायला एकच जागा उरत होती.

ते परत बॉनेटपाशी आले. काळी चिमटी इंजिनावरून काढली आणि बॉडीच्या पत्र्याला लावली. मीटरचा आकडा कोसळला. बारा, साडेबारा, तेरा, पुन्हा बारा. चिमटी परत इंजिनावर ठेवली. चौदा. त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून बघितलं, जणू एखाद्या वेळी तरी उत्तर वेगळं येईल. इंजिनाचं लोखंड आणि बॉडीचं लोखंड एकमेकांशी नीट बोलत नव्हती. जाणारी वाट मोकळी होती आणि परतीची अडलेली. इतकी वर्षं त्यांनी चिमटी नेमकी अडथळ्याच्या अलीकडे लावली होती.

बोल्टवर धुळीचा आणि तेलाचा काळा थर होता. पाना लावला, बोल्ट घट्ट होता, कुणीही हाताने हलवून बघितला असता तर ठीक आहे म्हणाला असता. तो सोडवून त्यांनी वॉशर उचललं. वॉशरच्या खाली, पट्टीच्या आणि पत्र्याच्या मधे, लाखेसारखा वाळून बसलेला भगवा थर होता. वर्षावर वर्षाचा. आतलं तेल वाळून गेलं होतं आणि शेंदूर दगडासारखा झाला होता. त्यातून वीज जाईल एवढंसं लोखंड कुठे कुठे उघडं होतं, गाडी हलली की ते लागायचं आणि सुटायचं. थराच्या कडेला एका बोटाचा उमटलेला ठसा अजून दिसत होता.

गोपीनाथराव खाली बसले. रस्त्यावर रिक्षा हॉर्न देत होत्या, कुणीतरी त्यांना गाडी जरा पुढे घ्या म्हणत होतं. त्यांनी वॉशर मुठीत धरून ठेवलं होतं. श्रेया घाबरून पाणी घेऊन आली. काय झालं काका, काय आहे ते लाल, तिने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पहले कोणीतरी लावून ठेवलं होतं."

ते तो थर खरवडत बसले. पॉलिश पेपरने पत्रा घासला, पट्टीचं टोक घासलं, पांढरं लोखंड वर येईपर्यंत घासलं. बोल्ट आवळला. आतलं यंत्र आणि बाहेरचं मीटर, दोन्हीकडे चौदा दिसू लागले, आणि भिंतीवरचा उजेड हलायचा थांबला. श्रेया फार खूश झाली. एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांनी काय काय बदललं, ती म्हणाली. गोपीनाथरावांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी शटर ओढलं आणि भर दुपारी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शांताबाईंना त्यांनी बरं वाटत नाही एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मानपूरच्या बसमध्ये बसले.

सुनीता हायवेवरच्या एका ढाब्यात पोळ्या करते. तिची दुपारची सुट्टी होईपर्यंत ते बाहेर बाकावर बसून राहिले. ती आली, पदराला हात पुसत समोर बसली, आणि गोपीनाथरावांनी जन्मात पहिल्यांदा एका वाक्यात न संपणारी गोष्ट सांगितली. गाडी कशी आली, मीटर कुठे लावलं, शेंदूर कुठे निघाला. चूक गाडीत होती आणि ती आपल्या हातची होती, हे त्यांनी सांगितलं. अरविंद कधीच दिवे लावून झोपला नसणार, हेही सांगितलं. बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. ती ओरडेल, रडेल, निदान चकित होईल, असं त्यांना वाटलं होतं.

सुनीता शांतपणे म्हणाली, "ह्यांना माहीत होतं, दादा."

मग तिने सांगितलं. गाडी विकायच्या आधी, एका फेऱ्यात, इथल्याच एका मिस्त्रीने बोल्ट उघडून दाखवला होता. हा शेंदूर खरवडून टाक, गाडी सुधरेल, असं त्याने सांगितलं आणि पॉलिश पेपर हातात दिला. अरविंदने तो पेपर खिशात घालून घरी आणला. सुनीता त्याच्या मागे लागली, भांडली, आजच्या आज घासून टाका म्हणाली. तो ऐकेना. दादानं आपल्या हातानं लावलाय, असं म्हणत राहिला. दादाला जाऊन सांगा तरी, असं तिने म्हटलं तेव्हा तो म्हणाला की सगळ्यांच्या समोर दादानं निकाल दिलाय, आता मी जाऊन त्याला खोटा पाडू काय. आणि त्याने गाडी आहे तशी विकून टाकली.

गोपीनाथराव माफी मागायला आले होते, आणि ज्याची मागायची त्याने ती केव्हाच, न मागता, देऊन टाकली होती. त्याहून मोठी शिक्षा त्यांना कुणी देऊ शकलं नसतं.

सुनीता उठली. तिच्या पोळ्यांची वेळ झाली होती. जाता जाता ती थांबली.

"ह्यांनी तुमचा शेंदूर राखला, दादा," ती म्हणाली. "तुम्ही ह्यांचं नाव नाही राखलं."

बसमध्ये परत येताना गोपीनाथरावांनी ठरवलं. जिथे नाव घालवलं तिथेच ते परत करायचं. खंडेनवमी जवळ आली होती, आणि रामबागेत सगळं गोत जेवायला यायचंच होतं. सुनीतालाही त्यांनी निरोप धाडला. ती आली नाही.

पंगत बसली. तेच अंगण, तीच माणसं, थोडी पांढरी झालेली. गोपीनाथरावांनी पानावरून मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली. अरविंदच्या गाडीत दोष होता, ते म्हणाले, आणि तो माझ्या हातून लागलेला होता. तो गाडी नीट चालवत होता. मी जे बोललो ते चुकीचं होतं. शेंदराची गोष्ट त्यांनी जेवढी जमेल तेवढी नीट सांगितली. वॉशर, पट्टी, चिमटी.

कुणीतरी डोळ्याला पदर लावला. मग चुलत पुतण्या मनीष, ज्याची नवी गाडी बाहेर शेंदराची वाट बघत उभी होती, तो उठून आला आणि त्यांच्या पाया पडला.

"मान गए, काका," तो म्हणाला. "गेलेल्या भावाची गलती आपल्या अंगावर घेणारा माणूस आजकल कुठे भेटतो."

नाही रे, तसं नाही, खरंच तसं होतं, गोपीनाथराव म्हणू लागले. पण सगळे एकदम बोलू लागले होते. देवाच्या शेंदराने कधी गाडी बिघडते का, म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या. भावाच्या मागे त्याची झाकली मूठ राहावी म्हणून बोलतो आहे बिचारा. शांताबाई भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होत्या, त्यांना नवऱ्याचा एवढा अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला असेल. गोपीनाथरावांनी पुन्हा एकदा तोंड उघडलं. कुणीतरी त्यांच्या पानात पुरी वाढली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आता जेवा म्हणून सांगितलं.

ते त्या पुरीकडे बघत बसले. मंडळी त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलत होती. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, अरविंद स्वभावाने चांगलाच होता हो, फक्त जरा बेफिकीर.